कागद केवढा?

मुकुंदवाडीत माझं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, डीटीपी, प्रबंध टायपिंग, स्पायरल, लॅमिनेशन असं सगळं रंगवून घेतलंय, पण ‘आलेख’ हा शब्द त्यात नाही. पाटीवाल्यानं अक्षरामागे पैसे लावले होते, आणि ग्राफ काढून द्या म्हणत इथं कोण येणार, असं तेव्हा वाटलं. झालं उलटंच. झेरॉक्स आता कोपऱ्याकोपऱ्यावर निघते; लांबून लोक माझ्याकडे येतात ते ग्राफसाठी. घाटी रुग्णालयातले निवासी डॉक्टर, विद्यापीठातले संशोधक, एमजीएमची मुलं, चिकलठाणा एमआयडीसीतली क्वालिटी खात्याची पोरं. गाऱ्हाणं सगळ्यांचं एकच: “काका, स्क्रीनवर मस्त दिसतो, छापला की फाटतो.”

फाटणं हा आमच्या धंद्यातला शब्द. चित्राची कड सरळ न राहता जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसायला लागली, अक्षरांभोवती पिठासारखी भुकटी उठली, की इमेज फाटली. मी या कामात आलो तेव्हा हा शब्दच नव्हता. आलेख डागाळायचा, शाई पसरायची, रेघ थरथरायची, क्वचित ट्रेसिंगला ब्लेडनं भोकही पडायचं. पण फाटत नव्हता. फाटायला लागला तो कॉम्प्युटर आल्यावर. असं का झालं, ते मी जसं पाहिलं तसं सांगतो.

मी मूळचा ट्रेसर. सरकारी मराठीत अनुरेखक. आरेखक म्हणजे ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं काढणार, अनुरेखक त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईनं गिरवणार, अशी ती उतरंड. ऐंशीच्या दशकात आयटीआय करून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो आणि मुकुंदवाडीत खोली घेतली. मुकुंदवाडी तेव्हा अर्धी गावच होती. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला सिडकोची नवी घरं उठत होती, मधून जालना रोड, आणि पलीकडे रेल्वेचं लहानसं स्टेशन. कारखान्यात लागलेली पोरं दोघं-तिघं मिळून भाड्यानं राहायची. कंदिलाच्या उजेडात पत्ते कुटायची, तसा मी कधीमधी जास्तीचं ट्रेसिंग करायचो.

ड्रॉइंग ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एक काम आलं. मशीन शॉपला कंट्रोल चार्टचे कोरे फॉर्म हवे होते. कंट्रोल चार्ट म्हणजे कारखान्यातला सगळ्यात कष्टाळू आलेख. अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्टनं १९२४ साली तो मांडला. पुढे महालनोबिसांच्या बोलावण्यावरून १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतात येऊनही गेले. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की ऑपरेटर तासा-दोन तासांनी पाच नग मोजणार, त्यांची सरासरी काढून वरच्या चौकटीत ठिपका देणार, सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापातला फरक खालच्या चौकटीत मांडणार. पाच नगांसाठी गुणक ०.५७७. सरासरीच्या वर-खाली त्या फरकाच्या सरासरीची एवढी पट घेतली की दोन मर्यादा मिळतात. ठिपका त्या लाल रेघांच्या बाहेर गेला की मशीन बंद, सुपरवायझरला हाक.

मी फॉर्म काढायला घेतला. ए-थ्री ट्रेसिंग लावलं आणि जे पेन हाताला लागलं त्यानं रेघा मारायला सुरुवात केली. हेडसाहेब मागे येऊन उभे राहिले. “थांब. कागद केवढा?”

“ए-थ्री, साहेब.”

“हा नाही रे. तो ऑपरेटरच्या हातात जाईल तो केवढा?”

मला उत्तर देता आलं नाही. फॉर्म क्लिपबोर्डला लागणार होता, म्हणजे ए-फोर. मग त्यांनी रोट्रिंगची पेटी उघडून समोर ठेवली आणि जे शिकवलं, ते आयटीआयच्या पुस्तकात मी पाठ केलं होतं पण समजलं नव्हतं. पेनांच्या टोपणांवर रंगीत पट्टे असतात: पांढरा ०.२५ मिलिमीटर, पिवळा ०.३५, तपकिरी ०.५, निळा ०.७. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट जाड आहे, आणि ए-फोरपासून ए-थ्री, ए-थ्रीपासून ए-टू हे कागदही लांबी-रुंदीत तेवढ्याच पटीनं वाढतात. ए-थ्रीवर तपकिरी पट्ट्याच्या पेनानं काढलेली रेघ झेरॉक्सवर ७१ टक्क्यांवर आणली की ए-फोरवर बरोबर पिवळ्या पट्ट्याची रेघ होते. पिवळ्याची पांढरी होते. अक्षरांची उंचीही तशीच: ५ मिलिमीटरची ३.५ होते, ३.५ ची २.५. शेवटचा कागद माहीत असेल तर आज कुठलं पेन उचलायचं ते ठरतं. नसेल तर तू अंदाजे रेघा ओढतोयस, असं हेडसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे जास्तच लागायचं.

तो फॉर्म मी पुन्हा काढला. अमोनिया प्रिंटच्या खोलीत डोळ्यांतून पाणी काढत त्याच्या प्रती केल्या. पुढे कित्येक वर्षं मशीन शॉपमध्ये तेलकट बोटांचे ठसे उमटलेले ते कागद लटकलेले दिसायचे, आणि त्यांवरची बारीक रेघ न् रेघ वाचता यायची.

संध्याकाळचं जास्तीचं काम होतं ते प्रबंधांचं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं, घाटीचं मेडिकल कॉलेज त्याच्या दोन वर्षं आधी. म्हणजे मी आलो तेव्हा शहरात प्रबंध लिहिणाऱ्यांची दुसरी पिढी चालू होती. टायपिंग करणारे पुष्कळ; रेमिंग्टन आणि गोदरेजवर कार्बन घालून प्रती काढायचे. आकृतीसाठी मात्र कोरं पान सोडून खाली नुसतं ‘आलेख क्र. ४’ टाइप करून द्यायचे. ते कोरं पान माझ्याकडे यायचं. ग्राफ पेपर, बटर पेपर, ट्रेसिंग, शाई, फ्रेंच कर्व्ह, सगळं औरंगपुऱ्यातून आणायचं. अक्षरं स्टेन्सिलनं. ज्याची ऐपत असेल त्याच्यासाठी घासून उमटवायची तयार अक्षरं, पण त्यात मराठी मिळायची मारामार. मराठी अक्षरं मी हातानंच काढायचो.

एक वृत्तालेख मी किती वेळा काढला असेल याची गणती नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीचा अहवाल १९८४ साली आला. महाराष्ट्रातल्या विभागांच्या विकासाचा अनुशेष तिनं रुपयांत मोजला: एकूण ३१८६.७८ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, म्हणजे २३.५६ टक्के. त्यानंतर इथल्या अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल अशा कुठल्याही प्रबंधात हा गोल असायचाच. २३.५६ टक्के म्हणजे ८४.८ अंश. माझ्या कोनमापकावर पूर्ण अंशाच्याच खुणा, त्यामुळे ८४ आणि ८५ च्या मधे, जरा ८५ कडे झुकून टोक टेकवायचं. विदर्भाचा तुकडा १४१ अंशांच्या किंचित अलीकडे. उरलेला आपोआप. एका संशोधकानं मला विचारलं होतं, मराठवाड्याचा तुकडा थोडा मोठा दिसेल असं करता येईल का? मी म्हटलं, सर, अन्याय मोठा असेल, पण गोल ३६० अंशांचाच आहे. ते हसले, चहा मात्र पाजला नाही.

एखादा निबंध छापील नियतकालिकात जायचा असेल तर ट्रेसिंगवरून जस्ताचा ब्लॉक बनवून घ्यावा लागे. तिथं मला दोन शब्द कळले आणि आजचं हाय रिझोल्यूशनचं सगळं कोडं त्या दोन शब्दांत आहे: लाईन आणि स्क्रीन. लाईन ब्लॉक म्हणजे नुसतं काळं-पांढरं; रेघ जशी आहे तशी धातूवर कोरली जाणार. स्क्रीन ब्लॉक फोटोसाठी. फोटोत करडे रंग असतात आणि छपाईत शाई तर एकच काळी, म्हणून फोटो जाळीतून घेऊन त्याचे लहान-मोठे ठिपके करायचे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला जाडी जाळी, आर्ट पेपरला बारीक. चुकून कुणी आलेख स्क्रीनला लावला तर सगळ्या रेघा ठिपक्याठिपक्यांच्या व्हायच्या आणि ब्लॉकवाला आपल्यालाच वेड्यात काढायचा. आलेख हा लाईनचा माल. ही समज त्या लोकांच्या अंगात मुरलेली होती.

आज बहुतेक नियतकालिकं ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० बिंदू, मागतात. तो आकडा या जाळीतूनच आला. चांगल्या कागदावर ऑफसेटला इंचाला १५० रेषांची जाळी वापरतात. जाळीच्या प्रत्येक ठिपक्यामागे चित्रात दोन बिंदू असले म्हणजे पुरे, असा छपाईवाल्यांचा ठोकताळा. दोन गुणिले १५०, झाले ३००. थोडक्यात, ३०० हा फोटोचा आकडा आहे. रेघेला जाळी नसते, तिची कड डोळ्याला थेट दिसते, म्हणून तिला जास्त लागतं. एल्सेव्हियरसारखे मोठे प्रकाशक आजही हा भेद पाळतात: फोटोला ३००, फोटो आणि रेघा एकत्र असतील तर ५००, निव्वळ रेघांना १०००. आमच्या ब्लॉकवाल्याला हे सांगायची गरज पडली नसती. आज मात्र पीएचडीच्या गाईडलाही सांगावं लागतं.

नव्वदच्या आसपास कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि ट्रेसरची जागा हळूहळू गेली. मला कॉम्प्युटरला दोष द्यायचा नाही. काम खरंच झपाट्यानं व्हायला लागलं. पहिल्यांदा पाहिलं ते लोटस वन-टू-थ्री. अमेरिकेत ते १९८३ ला आलेलं, आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. त्यात आकडे भरले की पडद्यावर हिरवा-काळा स्तंभालेख उभा राहायचा. पण तो छापायचा झाला तर लोटसमधून थेट छापता यायचा नाही. आलेख वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचा, लोटसमधून बाहेर पडायचं, प्रिंटग्राफ नावाचा दुसरा प्रोग्राम उघडायचा, तिथं ती फाईल निवडायची, किती रुंद किती उंच ते भरायचं, मग डॉट मॅट्रिक्स किर्रर्र करत अर्धं पान ओढणार. लोक वैतागायचे. मला ती भानगड आवडायची, कारण तो प्रोग्राम निदान आकार तरी विचारत होता.

पुढे विंडोज आलं, एक्सेल आलं, आणि हा प्रश्न विचारणंच बंद झालं. आलेख पडद्यावर दिसतो, कोपरा धरून ओढला की मोठा होतो, दाबला की लहान. पडद्यावर जे दिसतं तेच छापलं जाणार अशी सगळ्यांची समजूत. माझीही झाली होती. कारखाना सोडून याच सुमाराला मी दुकान टाकलं: एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, पेजमेकर, श्रीलिपीचे फाँट आणि बँकेचं कर्ज. लेझर प्रिंटर पडद्याच्या मानानं फारच नेटका छापायचा. एचपीनं १९८४ मध्ये पहिला लेझरजेट काढला तोच इंचाला ३०० ठिपक्यांचा होता. पडद्यावरच्या चित्राला इंचाला ७२ किंवा ९६ बिंदू धरायची रीत. ही दरी मधे आहे हे कळायला मला एक फटका खावा लागला.

घाटीतल्या एका निवासी डॉक्टर मॅडमचा निबंध बाहेरच्या देशातल्या नियतकालिकानं स्वीकारला होता. आकृती मात्र परत आली: ३०० डीपीआयमध्ये, टिफ करून पाठवा. टिफ म्हणजे काय ते मला पेजमेकरमुळे माहीत होतं. पेजमेकर काढणाऱ्या आल्डस कंपनीनंच १९८६ मध्ये तो फाईलचा प्रकार बांधला होता. मूळ आकडे मॅडमच्या भावाच्या कॉम्प्युटरवर, तो पुण्याला. माझ्याकडे होतं ते पडद्यावरून उचललेलं चित्र. मी फोटोशॉपमध्ये ते उघडलं, ७२ चं ३०० केलं, ओके दाबलं. फाईल फुगली. मला वाटलं, झालं काम. पैसेही घेतले.

दहा दिवसांनी उत्तर आलं, आकृती छापण्याजोगी नाही. मी ती ४०० टक्के मोठी करून पाहिली. काळी रेघ काळी नव्हतीच. तिच्या दोन्ही अंगांना करड्या रंगाचे तीन-चार थर, धुक्यातल्या विजेच्या तारेसारखे. अक्षरांच्या पोटात मळ साचलेला, ‘८’ आणि ‘६’ ओळखू येईनात. चार बिंदू होते तिथं मशीननं सत्तरेक केले होते, पण जास्तीचे सगळे अंदाजानं भरलेले. जे मुळात मोजलंच नव्हतं ते कुठून येणार? मॅडमचे पैसे परत केले. पुण्याहून मूळ फाईल मागवून आलेख नव्यानं काढला. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी हेडसाहेबांची आठवण झाली.

तो नवा आलेख पाठवणंही सोपं नव्हतं. नियतकालिकाच्या एका स्तंभाची रुंदी ९० मिलिमीटर. १००० डीपीआयनं ते ३५४३ बिंदू होतात. उंची ६८ मिलिमीटर धरली तर २६७७. एकूण जवळजवळ ९५ लाख बिंदू. रंगीत फाईल केली तर प्रत्येक बिंदूला तीन बाइट, म्हणजे साडेअठ्ठावीस एमबी, आणि फ्लॉपी १.४४ एमबीची. वीस फ्लॉप्या! करड्या छटांत केली तर सात. पण निव्वळ काळं-पांढरं ठेवलं तर एका बाइटमध्ये आठ बिंदू मावतात, आणि तो आख्खा आलेख एका फ्लॉपीत बसून वर जागा उरते. लाईन ब्लॉकवाला हसला असता. रंगाची हौस सोडली की जो माल हलका होतो, तो त्याच्या जस्तावर आधीपासूनच हलका होता. फाईल एका फ्लॉपीत घालून मी सायबर कॅफेत गेलो, आणि ती अपलोड होईपर्यंत दोनदा लाईट गेली.

त्यानंतर पुष्कळ फाईली पाहिल्या. सगळ्यात जास्त नुकसान केलं ते जेपेगनं. १९९२ चं ते मानक फोटोसाठी बांधलेलं आहे: चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करायचे आणि डोळ्याला न जाणवणारे फरक टाकून द्यायचे. चेहऱ्याला, आभाळाला ते चालतं. पांढऱ्यावर काळी रेघ असेल तर त्या चौकोनात शाई शिंपडल्यासारखे डाग येतात, आणि पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की वाढत जातात. आलेख जेपेगमध्ये ठेवणं म्हणजे दुधाच्या कॅनमधून रॉकेल आणण्यासारखं आहे; कॅनचा दोष नाही.

संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर म्हणाल तर माझ्या गिऱ्हाइकांत आधी एसपीएसएस आलं. १९६८ पासूनचं ते, समाजशास्त्राच्या लोकांसाठी जन्मलेलं, पण इथं मेडिकलवाल्यांनी जास्त उचललं. क्वालिटीवाली पोरं मिनीटॅब वापरायची; तोच माझा जुना कंट्रोल चार्ट, आता बटण दाबलं की तयार. पोरं एसपीएसएसची आउटपुट फाईल पेन ड्राइव्हवर आणायची, माझ्याकडे ते सॉफ्टवेअरच नाही, मग पुन्हा फेऱ्या. त्यात बाहेर काढताना चित्र किती टक्के मोठं हवं ते विचारतात. टक्के कशाचे? पडद्यावर जो आकार आहे त्याचे. कागद पुन्हा गायब.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. जुन्या श्रीलिपीत केलेली नावं दुसऱ्या मशीनवर गेली की इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोड आल्यावर वाटलं सुटलो. पण आकडेमोडीची बरीच सॉफ्टवेअर देवनागरी नुसती एकापुढे एक मांडायची, जोडायची नाहीत. ‘सिंचन’ची वेलांटी ‘स’च्या मागे न बसता पुढे जाऊन बसायची, ‘क्षेत्र’मधला ‘क्ष’ सुटून पाय मोडलेला ‘क’ आणि शेजारी ‘ष’ उभा राहायचा. सिंचन क्षेत्राचा आलेख आणि शब्द दोन्ही तुटलेले. मग काय, आलेख बिनअक्षरांचा काढायचा आणि मराठी अक्षरं कोरल ड्रॉमध्ये एकेक करून बसवायची. स्टेन्सिलच्या दिवसांत मी जे हातानं करत होतो तेच, फक्त माऊसनं.

आता माझ्या पुतणीची गोष्ट. ती विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते, आणि तिच्या तोंडी सारखं ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी ते केलं. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर. २००० सालच्या फेब्रुवारीत, २९ तारखेला त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. फुकट आहे, त्यामुळे मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीतही चालतं. एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली, रडकुंडीला. सरांनी ३०० डीपीआय मागितले, म्हणून तिनं पीएनजी काढायच्या आज्ञेत रिझोल्यूशनपुढे ३०० लिहिलं. आलेख यायचा थांबलाच, आणि लाल अक्षरांत एकच वाक्य: समास फार मोठे आहेत.

“काका, मी समासाला हातही लावला नाही. आधी हाच आलेख येत होता.”

मला आर येत नाही. पण मी सवयीनं विचारलं, “कागद केवढा?”

“कागद कुठून आला? ही फाईल आहे.”

“फाईल असू दे. केवढी?”

तिनं शोधून सांगितलं: काही सांगितलं नाही तर ४८० बाय ४८० बिंदू. मी पावतीपुस्तक उलटं केलं आणि भागाकार केला. ४८० भागिले ३०० म्हणजे १.६ इंच. चार सेंटिमीटर. काडेपेटीच्या आसपासचा कागद. मग समास किती सोडतो ते तिला शोधायला लावलं. ठरावीक समास खाली १.०२ इंच, वर ०.८२. बेरीज १.८४. दीड-पावणेदोन इंचांच्या कागदावर त्याहून मोठे समास. आलेखाला जागा उणे! आधी चालत होतं, कारण ३०० न सांगितल्यावर ते ७२ धरत होतं, आणि ४८० भागिले ७२ म्हणजे पावणेसात इंच. मशीन भांडत नव्हतं. इतक्या वर्षांत मला भेटलेलं ते पहिलं सॉफ्टवेअर, ज्यानं कागद लहान आहे म्हणून काम करायला नकार दिला.

तिनं रुंदी इंचात लिहिली, उंची इंचात लिहिली, रिझोल्यूशन ३००. आलेख आला. मग मी विचारलं, रेघ किती जाडीची? तिनं शोधलं: जाडी एक म्हणजे इंचाचा ९६वा भाग. मी पुन्हा पावतीपुस्तक घेतलं. ०.२६ मिलिमीटर. पांढऱ्या पट्ट्याचं पेन! मी खणातून रोट्रिंगची पेटी काढून तिला दाखवली. शाई कधीच वाळून गेलीय, ०.२५ चं टोक वाकलंय. तिनं पेन हातात फिरवून पाहिलं आणि विचारलं, हे रिफिल कुठं मिळतं?

त्या दिवशी तिला आणखी एक सांगितलं, की जमेल तिथं बिंदूंची फाईल करूच नकोस. पीडीएफ किंवा ईपीएस कर. त्यात रेघ ही रेघ म्हणूनच राहते, इथून तिथवर एवढी जाड, एवढंच लिहिलेलं असतं. कितीही मोठी करा, कड तुटत नाही. ती ट्रेसिंगच समज. टिफ फक्त मागितलं तरच, आणि तेही शेवटच्या मापात.

२००९ च्या यूजीसीच्या नियमांनंतर पीएचडीचा प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपातही द्यावा लागतो आणि तो शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो. तिथं आधीच्या काळातले पुष्कळ जुने प्रबंध स्कॅन करूनही चढवले आहेत. मी अधूनमधून रात्री आपल्या भागातले उघडून बघतो. टाइप केलेली पानं फिकट झालीत, कार्बन प्रत असेल तर वाचवतही नाही, पण हातानं शाईत काढलेले आलेख स्कॅन होऊनही स्पष्ट दिसतात. आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे, कॉम्प्युटरवर काढून वर्डमध्ये चिकटवलेले रंगीत त्रिमिती स्तंभ, जे तेव्हा फार भारी वाटायचे, त्यांच्यावरचे आकडे वाचता येत नाहीत. त्यातले काही माझ्याच दुकानातून गेलेत. आकडे पुन्हा मिळायचे नाहीत. ज्यानं काढले त्याच्या फ्लॉपीला कधीच बुरशी लागली असेल.

आता तर व्हॉट्सअॅप आलंय. परवा एक डॉक्टर आले, फोनमधला ग्राफ दाखवून म्हणाले, काका, याला हाय रिझोल्यूशन करा, उद्या शेवटची तारीख आहे. सॉफ्टवेअरमधून काढलेला, मग पडद्याचा फोटो, मग तो मित्राला, मित्राकडून डॉक्टरांना. प्रत्येक हातात थोडा झिजलेला. मी करत नाही म्हटलं. रागावले. दुसऱ्या दुकानात गेले असतील. तिथं ७२ चं ३०० करून मिळालं असेल.

तेव्हा येणार असाल तर एवढं करा. आलेखाचा फोटो नको, आकड्यांची मूळ फाईल आणा. एसपीएसएसची असेल तर आकडे एक्सेलमध्ये काढून आणा. फोनवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. नियतकालिकाच्या सूचनांत स्तंभाची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती चिठ्ठीवर लिहून आणा. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.